अपडेटचाही एक गुरुवार ठरवा

पुण्यात राहणाऱ्या माणसाला "गुरुवारी पाणी बंद" म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. दोन दिवस आधी पेपरात येतं, सोसायटीच्या ग्रुपवर तेच कात्रण तीन-तीन वेळा फिरतं, कुठली टाकी, कुठले भाग, काम कसलं, आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य की शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने पाणी येईल. बुधवारी रात्री आपण पिंप भरतो, बादल्या भरतो, वरच्या मजल्यावरच्या आजींना आठवण करतो. त्रास होतोच, पण घात होत नाही, कारण दिवस माहितीय, काम माहितीय आणि फोन कुणाला करायचा तेही माहितीय.

आता मी रोज आठ-नऊ तास ज्या एडिटरमधे, म्हणजे कोड लिहायच्या प्रोग्राममधे, बसतो त्याचं बघा. व्हीएस कोड. एप्रिल २०१५ मधे मायक्रोसॉफ्टने जाहीर केला, वर्षभराने त्याचं १.० आलं आणि आज हिंजवडी-खराडीच्या ऑफिसांपासून इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरच्या लॅबपर्यंत जिकडे तिकडे तोच उघडा दिसतो, नाहीतर त्याच्याच कोडवर उभे राहिलेले "कर्सर"सारखे दुसरे एडिटर दिसतात. माझ्याकडे त्यात चौतीस एक्स्टेंशन्स, म्हणजे एडिटरला जोडायचे छोटे जादाचे प्रोग्राम, होती. काही मोठ्या कंपन्यांची, काही कुठल्यातरी देशात बसून नोकरी सांभाळून रात्री काम करणाऱ्या एकट्या माणसाची. यातलं कुठलंही एक रात्रीत बदलू शकतं आणि मला कोणी विचारत नाही, कारण ऑटो अपडेट मुळातच चालू असतं आणि बहुतेकांनी ती सेटिंग कधी उघडून पण बघितलेली नसते.

माझं म्हणणं असंय की टीमच्या आणि कॉलेजच्या लॅबच्या मशीनवर एक्स्टेंशन आपोआप बदलता कामा नये. कुठलं एक्स्टेंशन आणि कुठलं व्हर्जन हे प्रोजेक्टसोबत लिहिलेलं पाहिजे, बदलायचं तर ठरलेल्या दिवशी, आणि कुणीतरी आपलं नाव लावून बदलायचं. हे नीट करता यावं याची सोय एडिटर बनवणाऱ्यांनी द्यायला हवी, आणि ती येईपर्यंत आपण हाताने करायला हवं.

हे मी पुस्तकी म्हणून सांगत नाहीये. पौड रोडवर आमचं छोटं ऑफिस आहे, सहा जण बसतो, दुकानदारांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो. आमच्याकडे नवीन लागलेल्या मुलाला एक साधं काम दिलं होतं, एका फंक्शनचं नाव बदलायचं, जिथे जिथे वापरलंय तिथे सगळीकडे. एक्केचाळीस फायली. प्रत्येक फाइलमधे एक नाहीतर दोन ओळी बदलायला हव्यात. मंगळवारी सकाळी त्याचे बदल तपासायला रिव्ह्यू उघडला तर प्रत्येक फाइलमधे पन्नास-साठ ओळी लाल-हिरव्या, म्हणजे बदललेल्या. बघतो तर कंसाच्या शेवटी स्वल्पविराम आलेले, ओळी वेगळ्या ठिकाणी तुटलेल्या. मी त्याला जरा चढ्या आवाजातच विचारलं, "अरे नाव बदलायला सांगितलं होतं, सगळा कोड का फिरवलास?" तो म्हणाला, "सर, मी फक्त नाव बदललं आणि सेव्ह ऑल केलं, बाकी मी खरंच काही नाही केलं."

आणि त्याने खरंच काही केलं नव्हतं. सोमवारी रात्री त्याच्या मशीनवर फॉरमॅटरच्या, म्हणजे कोडची मांडणी आपोआप नीट करणाऱ्या, एक्स्टेंशनचं नवीन व्हर्जन आलं होतं, त्यात डीफॉल्ट नियम बदललेले, आणि सेव्ह केलं की फॉरमॅट हो ही सेटिंग आमच्या सगळ्यांकडे चालू. माझ्याकडे पण ऑटो अपडेट चालूच होतं, पण माझा एडिटर शुक्रवारपासून बंदच केला नव्हता, संध्याकाळी नुसतं लॅपटॉपचं झाकण लावायचं आणि सकाळी उघडायचं, त्यामुळे माझ्याकडे नवीन व्हर्जन उतरलं होतं पण "रिस्टार्ट एक्स्टेंशन्स"ची वाट बघत बसलं होतं. म्हणजे एकाच टेबलावर, एकच सेटिंग असलेली दोन मशीन आणि दोन वेगळी व्हर्जन्स, आणि आम्हाला दोघांनाही पत्ता नाही.

इथपर्यंत नुसता वैताग होता, नुकसान पुढे झालं. त्या दोन-अडीच हजार ओळींच्या लाल-हिरव्या गर्दीत एका फाइलमधे त्याच्या हातून दोन ओळींची जागा बदलली गेली होती, सवलत आधी वजा व्हायची आणि मग कर लागायचा, ते उलटं झालं. नेहमीसारखा एक-दोन ओळींचा बदल असता तर मला तो पहिल्या नजरेत दिसला असता. त्या दिवशी मी स्वल्पविराम बघून बघून कंटाळलो आणि पुढे जाऊ दिलं. चार दिवसांनी चिंचवडच्या एका गिऱ्हाइकाचा फोन, की बिलं जास्तीची जातायत. दोनशेच्या वर बिलं परत काढून द्यावी लागली, आणि तो मुलगा पुढचे दोन आठवडे प्रत्येक कमिट करताना, म्हणजे बदल नोंदवताना, घाबरत होता, याचं मला आजही वाईट वाटतं.

याच्यावर कोणीही अनुभवी माणूस म्हणेल की फॉरमॅटर प्रोजेक्टच्या आतच ठेवायचा, त्याचं व्हर्जन लॉक करायचं, मग एक्स्टेंशन तोच वापरतं. बरोबर आहे, आम्ही दुसऱ्याच दिवशी ते केलं. पण ते फॉरमॅटरपुरतं झालं. चुका शोधायला मदत करणारा डीबगर, भाषेची सूचना देणारा सर्व्हर, डेटाबेसला जोडणारं एक्स्टेंशन, आता नवीन आलेले एआयवाले, ही सगळी मंडळी एक्स्टेंशनच्या पोटातच बसून येतात. त्यांना प्रोजेक्टच्या लॉक फाइलमधे, म्हणजे कशाचं कुठलं व्हर्जन ते पक्कं लिहून ठेवणाऱ्या फाइलमधे, जागाच नाही.

आणि खटकतं ते इथेच. लायब्ररीच्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडच्या, बाबतीत आपण हा धडा कधीच शिकलो. २०१६ मधे यार्न हे पॅकेज मॅनेजर, म्हणजे लायब्ररी उतरवून देणारं साधन, लॉक फाइल घेऊन आलं, २०१७ मधे त्याच कामाच्या एनपीएमच्या पाचव्या व्हर्जनपासून पॅकेज-लॉक आली, आणि आज कुठलाही फ्रेशर इंटरव्ह्यूमधे सांगेल की लॉक फाइल गिटमधे, म्हणजे कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, टाकायची असते, म्हणजे सगळ्यांकडे सारखंच उतरतं. एडिटरच्या बाबतीत मात्र प्रोजेक्टच्या डॉट-व्हीएसकोड फोल्डरमधे एक्स्टेंशन्सची जी जेसन फाइल असते तिच्यात फक्त शिफारस लिहिता येते, म्हणजे पब्लिशरचं नाव आणि एक्स्टेंशनचं नाव. व्हर्जन लिहायला रकाना नाही. म्हणजे किराणा मालाची यादी दिली, त्यात तूरडाळ लिहिली, पण किती किलो आणि कुठली हे दुकानदार त्या दिवशी ठरवणार.

सोयी अजिबात नाहीत असं नाही म्हणत मी. एक्स्टेंशनच्या गिअरवर क्लिक करून जुनं ठराविक व्हर्जन टाकता येतं, आणि तसं टाकलं की तेवढ्या एक्स्टेंशनचं ऑटो अपडेट बंद होतं. टर्मिनलवरून इन्स्टॉल करताना नावापुढे ॲट लावून व्हर्जन देता येतं. डिसेंबर २०२४ मधे आलेल्या १.९६ मधे तर कंपनीच्या ॲडमिनला कुठली एक्स्टेंशन्स आणि त्यांची कुठली व्हर्जन्स चालतील याची यादीच ठरवून देता येते. चांगली सोय आहे, पण ती ज्यांच्याकडे ॲडमिन आहे त्यांच्यासाठी आहे. आमच्यासारख्या सहा जणांच्या ऑफिसात ॲडमिन म्हणजे ज्याला त्या दिवशी वेळ आहे तो, आणि कॉलेजच्या लॅबमधे तर तोही नाही.

लॅबचं जरा सविस्तर सांगतो, कारण मला त्याची जास्त काळजी वाटते. वर्षातून दोनदा मी प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक, म्हणून जातो. मागे एका कॉलेजमधे सकाळच्या बॅचला वीस मुलं बसली होती, पायथॉनचं प्रॅक्टिकल. खिडकीजवळच्या एका मुलीचा डीबगर सुरूच होईना. एफ-५ दाबलं की क्षणभर खाली काहीतरी हलायचं आणि बंद. तिला वाटलं आपलाच कोड चुकलाय, म्हणून तिने चांगला लिहिलेला प्रोग्राम खोडून परत लिहायला घेतला. मी जवळ गेलो तोवर पंचवीस मिनिटं गेली होती. म्हणाली, "सर, काल चालत होतं." मागच्या रांगेत अजून दोघांचं तेच. लॅबचे मामा म्हणाले, काल संध्याकाळी सगळी मशीन चालू करून ठेवली होती, नेट पण चालू होतं, कोणी काही हात लावला नाही.

हात कोणी लावलाच नव्हता. मशीनवरचा पायथॉन जुना, कारण लॅब मॅन्युअल जुनं, आणि रात्री आलेल्या डीबगरच्या नवीन व्हर्जनने त्या जुन्या पायथॉनला सोडून दिलं होतं. ज्यांच्या मशीनला नेट नीट मिळालं नव्हतं त्यांचं चाललं. विचार करा, त्या दिवशी ज्याचं नेट खराब तो नशीबवान! मी त्या तिघांना टर्मिनलवरून प्रोग्राम चालवून दाखवायला सांगितला, वेळ वाढवून दिला, मार्क गेले नाहीत. पण त्या मुलीच्या चेहऱ्यावर जे होतं ते मार्कांनी भरून येत नाही. ही मुलं शिकण्याच्या पहिल्या वर्षात असतात, काही बिघडलं की पहिला संशय स्वतःवर घेतात. सिनिअर माणूस व्हर्जन बघतो, लॉग बघतो, शिकाऊ माणूस म्हणतो मला प्रोग्रामिंग जमत नाही. गुपचूप येणाऱ्या अपडेटचा सगळ्यात जास्त भार असा सगळ्यात कमी माहिती असलेल्याच्या डोक्यावर जाऊन पडतो, आणि म्हणून हा प्रश्न मला नुसता टेक्निकल वाटत नाही.

एडिटरच्या स्वतःच्या अपडेटने पण हे होतं आणि तिथे तर जगभर गाजलं. जानेवारी २०२४ च्या रिलीजमधे, म्हणजे १.८६ मधे, रिमोट सर्व्हरवर, म्हणजे एडिटरने दुरून जोडायच्या मशीनवर, किमान जीलिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी) २.२८ लागेल असं झालं. लिनक्सच्या उबुंटू १८.०४ वर २.२७ आहे, सेंटॉस ७ वर २.१७. ज्यांचे सर्व्हर असे जुने होते त्यांचं सकाळी कनेक्शनच होईना, आणि सर्व्हरची सिस्टिम बदलणं त्यांच्या हातात नव्हतं. ओरड एवढी झाली की लगेच १.८६.१ काढून जुन्या सिस्टिमना वर्षभराची मुदत द्यावी लागली. ती मुदत आधीच, ठळक अक्षरात दिली असती तर? बदल करणं चूक नव्हतं, जुनं कधीतरी सोडावंच लागतं. बुधवारी पिंप भरायला वेळ दिला नाही ही चूक.

आता सुरक्षेचं, आणि इथे समोरच्या बाजूचं म्हणणं नीट ऐकायला हवं. बाणेरला राहणारा माझा एक मित्र सिक्युरिटीत काम करतो, त्याच्याशी या विषयावर माझा नेहमी वाद होतो. तो म्हणतो, तू लोकांना ऑटो अपडेट बंद करायला सांगतोस म्हणजे दार उघडं ठेवायला सांगतोस. तो वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसचं उदाहरण देतो, मे २०१७ मधे जगभर कॉम्प्युटर बंद पडले, आणि त्याच्यावरचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, मायक्रोसॉफ्टने मार्चमधेच दिला होता, लोकांनी टाकला नव्हता. हे खरंय. आणि आपल्याकडची सवयही मला माहितीय, एकदा बंद केलं की बंदच, मग तीन वर्षं कोणी बघत नाही. ऑटो अपडेट बंद करून विसरून जाणार असाल तर चालूच ठेवा, हे मी पण मान्य करतो.

पण एक्स्टेंशन आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा पॅच या दोन गोष्टी एका तागडीत तोलायच्या नाहीत. मोबाइलवर ॲप निदान विचारतं तरी, कॉन्टॅक्ट बघू का, कॅमेरा वापरू का. व्हीएस कोडचं एक्स्टेंशन असं काही विचारत नाही. ते एका वेगळ्या प्रोसेसमधे चालतं खरं, पण तुम्हाला मशीनवर जे जे करता येतं ते सगळं त्याला करता येतं, फाइल वाचणं, नेटवर पाठवणं, दुसरा प्रोग्राम चालवणं. सर्व्हरवर शिरायच्या तुमच्या एसएसएच की, पासवर्ड ठेवलेली डॉट-ईएनव्ही फाइल, सगळं त्याच्या हाताच्या अंतरावर. पब्लिशरच्या नावापुढे निळी टिक असते तिचा अर्थ त्या पब्लिशरने आपलं डोमेन आपलंच आहे हे सिद्ध केलंय, त्याच्या प्रत्येक व्हर्जनचा कोड कोणी वाचलाय असा नाही. जानेवारी २०२५ च्या रिलीजपासून नवीन पब्लिशरचं एक्स्टेंशन पहिल्यांदा टाकताना "याच्यावर विश्वास आहे का" असं विचारलं जातं, चांगलंय, पण विश्वास पहिल्या दिवशी टाकला आणि वाईट माल दोनशेव्या दिवशी अपडेटमधून आला तर त्या प्रश्नाचा उपयोग काय.

आणि असं आलेलं आहे. जुलै २०२५ मधे ॲमेझॉन क्यू या एआय मदतनिसाच्या एक्स्टेंशनचं १.८४.० व्हर्जन बाहेर पडलं, त्यात बाहेरच्या माणसाने घुसवलेल्या सूचना होत्या, एआयला सांगणाऱ्या की या मशीनवरचं आणि क्लाउडवरचं सगळं पुसून टाक. नऊ लाखांहून जास्त इन्स्टॉल असलेलं एक्स्टेंशन. ते नीट चाललं नाही म्हणून निभावलं, मग ते व्हर्जन काढून १.८५ दिलं गेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमधे ओपन व्हीएसएक्सवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं मार्केटप्लेस वापरायची परवानगी नसलेले बाकीचे एडिटर जिथून एक्स्टेंशन्स घेतात तिथे, ग्लासवर्म नावाचं व्हायरससारखं प्रकरण सापडलं. डोळ्यांना न दिसणारी युनिकोड अक्षरं वापरून कोड लपवलेला, गिटहब आणि एनपीएमचे टोकन, म्हणजे आत शिरायच्या किल्ल्या, चोरायचे आणि त्यांच्या जोरावर पुढे पसरायचं. ज्यांच्याकडे ते एक्स्टेंशन आधीपासून होतं त्यांनी काही नवीन टाकायची पण गरज नव्हती, ऑटो अपडेटने ते घरपोच आलं.

म्हणून मित्राला माझं उत्तर असं की आठवडाभर थांबणं म्हणजे दार उघडं ठेवणं होत नाही. वाईट व्हर्जन बहुतेक वेळा काही दिवसांत कोणाच्या तरी लक्षात येतं, ते काढलं जातं, मार्केटप्लेस त्याला काळ्या यादीत टाकतं आणि एडिटर ते आपोआप काढूनही टाकतो. तेवढे दिवस आपण मागे राहिलो तर बिघडलं काय? पॅकेजच्या जगात हे लोकांना पटायला लागलंय, पीएनपीएम या पॅकेज मॅनेजरने सप्टेंबर २०२५ मधे १०.१६ मधे तशी सेटिंगच आणली, पॅकेज प्रसिद्ध होऊन अमुक इतकी मिनिटं झाल्याशिवाय ते घेऊच नको म्हणून. एक्स्टेंशनला अशी सेटिंग द्यायला काय हरकत आहे? आणि खरोखर तातडीचा सुरक्षा पॅच असेल तर पब्लिशरने तो तसा जाहीर करावा, तो लगेच घ्यावा. पाण्याची लाइन फुटली तर महापालिका गुरुवारची वाट बघत नाही, त्याच दिवशी बंद करते.

मित्राला हे अर्धंच पटलंय. त्याची शंका अशी की ठरलेला दिवस पाळणार कोण. ती शंका रास्त आहे आणि त्याला माझ्याकडे एकच उत्तर आहे, नाव. "टीम बघेल" म्हटलं की कोणीच बघत नाही.

आमच्याकडे आता असं चालतं. सगळ्यात आधी आम्ही एक्स्टेंशन्स कमी केली, चौतीसची अकरा झाली, आणि हे एकच काम केलं असतं तरी अर्धा त्रास गेला असता असं मला वाटतं. रंग बदलणारी, आयकॉन बदलणारी, कधीकाळी एका दिवसासाठी टाकलेली, सगळी काढली. मग ऑटो अपडेट सगळ्यांकडे बंद. टर्मिनलमधे कोड या कमांडला लिस्ट-एक्स्टेंशन्स आणि शो-व्हर्जन्स हे दोन फ्लॅग लावले की नावं आणि व्हर्जन्सची यादी मिळते, ती एका साध्या टेक्स्ट फाइलमधे घेऊन प्रोजेक्टच्या गिटमधे ठेवली. नवीन माणूस आला की एक छोटी स्क्रिप्ट ती फाइल वाचून तीच व्हर्जन्स टाकते. दर दुसऱ्या गुरुवारी जेवणानंतर एक जण, पाळीपाळीने, अकरा एक्स्टेंशन्सचे चेंजलॉग, म्हणजे काय बदललं त्याच्या नोंदी, वाचतो, आठवड्याहून जुनं झालेलं व्हर्जन आपल्या मशीनवर टाकतो, जुना एक प्रोजेक्ट उघडून फॉरमॅट, डीबग, बिल्ड करून बघतो, ठीक वाटलं तर फाइल बदलून कमिट करतो. कमिटवर त्याचं नाव. शुक्रवारी बाकीचे घेतात. मधेच कुठे तातडीचा पॅच आला तर तो आला त्या दिवशीच. पाऊण तास लागतो, कधी तासभर. त्या दोनशे बिलांना आम्हाला तीन दिवस लागले होते.

चेंजलॉगवरून आठवलं, अर्ध्या एक्स्टेंशन्सच्या चेंजलॉगमधे "किरकोळ सुधारणा" एवढंच असतं. लाखो लोकांच्या मशीनवर काहीतरी ठेवायचं आणि काय ठेवलं ते दोन ओळीत सांगायचं नाही, हे मला पटत नाही. एकटा माणूस फुकटात करतो त्याच्याकडून मी फार मागणार नाही, त्याचे उपकारच आहेत, पण कंपन्यांनी तरी लिहावं.

एडिटर बनवणाऱ्यांकडून मला तीनच गोष्टी हव्यात, शिफारशीच्या फाइलमधे व्हर्जनचा रकाना, अपडेट काही दिवस थांबवायची सेटिंग, आणि रात्रीत काय बदललं ते सकाळी उघडल्यावर समोर, एका ओळीत. तिन्ही कामं कठीण नाहीत, पॅकेज मॅनेजरवाल्यांनी यातलं बरंचसं करून दाखवलंय.

कॉलेजांना मात्र त्यासाठी थांबायची गरज नाही. सेमिस्टर सुरू होताना व्हर्जन ठरवा, लॅब मॅन्युअलच्या पहिल्या पानावर पायथॉनच्या व्हर्जनखाली एडिटरचं आणि एक्स्टेंशन्सचंही छापा, अपडेट बंद करा, दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा सगळं नवीन करा, तातडीचा पॅच असेल तर त्याच आठवड्यात, आणि ते कोणी करायचं त्याचं नाव नोटीस बोर्डावर लावा. आपल्या मुलांनाही मग एक गोष्ट कळेल जी कुठल्या सिलॅबसमधे नाही, की काही बिघडलं तर स्वतःवर संशय घ्यायच्या आधी व्हर्जन बघायचं असतं. पुढच्या प्रॅक्टिकलला मला दोन कॉलेजांत जायचंय. दोन्हीकडच्या लॅब इन्चार्जना मी पंधरा दिवस आधी फोन करून ती यादी मागणार आहे, आणि नसेल तर आदल्या शनिवारी जाऊन मामांना सोबत घेऊन, एकेका मशीनवर बसून तयार करणार आहे.